भडक्या दम घेतो

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत मी नक्की काय काम करते, हे बरीच वर्षं कुणालाच कळलं नव्हतं. तळमजल्यावरच्या मावशींनी एकदा सरळ विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मावशी, लोकांना हरवायचा पगार घेते." त्यांना वाटलं मी वकील आहे. पुढे दोन-तीन महिने त्या मला भाडेकरूच्या कटकटी सांगत होत्या.

मी मोबाइलवरचे गेम बनवायचे, त्यातही उड्यांचे. एक चिमुकलं पात्र डावीकडून उजवीकडे पळतं, खड्डे ओलांडतं, फळीवरून फळीवर उडी मारतं आणि वाटेतल्या शत्रूंना चुकवत वर जातं. चित्रं दुसरे काढतात, प्रोग्राम तिसरे लिहितात. खड्डा किती रुंद, फळी किती उंच, शत्रू कुठे उभा राहील आणि कधी वळेल, हे ठरवणं माझ्याकडे होतं. आमच्या घराण्यात वाशिमहून मुंबईत आल्यापासून शिक्षक झाले, नर्स झाल्या, एक काका बँकेत लागले. शत्रू तयार करणारी मी पहिलीच. आई पाहुण्यांना "आमची वंदना कम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगून विषय बदलायची.

बाहेरच्या माणसाला पटत नाही, पण गेममधल्या शत्रूचं खरं काम हरणं हे असतं. फक्त त्यानं लगेच हरायचं नसतं. आधी त्यानं खेळणाऱ्याला दहा-पंधरा वेळा मारायचं, आणि असं मारायचं की त्या माणसाला पुन्हा खेळावंसं वाटलं पाहिजे. मेल्यावर खेळणारा काय बोलतो, त्यावर मी माझं काम जोखायचे. तो "चीटिंग आहे यार!" म्हणाला तर मी नापास. "श्या, माझंच चुकलं" म्हणाला तर पास. म्हणून शत्रूनं हल्ल्याआधी कायम इशारा द्यायचा असतो. खेकडा नांगी उचलतो, कुत्रा कान पाडतो. इशारा दिसूनही खेळणारा फसला तर दोष त्याचा. इशारा दिसलाच नाही तर दोष माझा.

वीस-बावीस वर्षांत मी कितीतरी शत्रू केले. त्यातले बरेचसे आता मलाही आठवत नाहीत. लोकांच्या तक्रारी मात्र आठवतात. नाशिकच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं की तुमच्या गेममधला कोंबडा आरवला की आमचा खरा कोंबडा आरवतो, काहीतरी करा. बोरिवलीच्या एका बाईंना आमच्या गोल जिन्यानं चक्कर यायची, तरी त्या रोज खेळायच्या आणि रोज कळवायच्या. पण आज मला सांगायचंय ते भडक्याबद्दल. माझ्या हातून झालेला सगळ्यात वाईट शत्रू तोच, आणि सगळ्यात चांगलाही तोच.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली चेन बनवायचा कारखाना. सोन्याच्या नव्हे, पँटीच्या. आम्ही अकरा माणसं. मालक मेहुल, घाटकोपरचाच. मनाचा मोकळा, पण सदा घाईत. चित्रं काढायची जागृती, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, आमच्यात वयानं सगळ्यात लहान. प्रोग्राम लिहायचा फ्रान्सिस, तो मनोरीहून यायचा. मार्व्याच्या होडीपासून अंधेरीपर्यंत रोज दीड तास मोडायचा, आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर असायचा.

गेमचं नाव होतं 'थेंबू'. थेंबू म्हणजे पाण्याचा एक थेंब. खाडीतून निघून तो एका जुन्या सात मजली इमारतीत शिरतो आणि मजले चढत गच्चीवरच्या टाकीपर्यंत जातो. चौथ्या मजल्यावर भडक्या राहायचा. जाळाचा गोळा, पण जागृतीनं त्याला तोंडात तोबरा भरल्यासारखे गाल दिले होते आणि वर दोन जाड भुवया. "जाळं फाटल्यावर आमचे मामा असेच दिसतात," ती म्हणाली होती. थेंबू दिसला की भडक्या भुवया आवळायचा, मग त्याच्या मागे धावायचा आणि तोंडातून जाळ फेकायचा. भुवया आवळणं हा इशारा होता. कल्पना माझी, आणि मला तिचा भारी अभिमान होता.

गेम बाजारात आणण्याआधी आम्ही तो थोड्या लोकांना फुकट खेळायला दिला. तीन मजले लोक आनंदानं चढले आणि चौथ्यावर अडकले. काही दिवस मरत राहिले, मग गेम बंद करून निघून गेले. गेमला पैसा पुरवून तो बाजारात आणणारी कंपनी बंगळुरूची होती. तिथून निरोप आला: तीन आठवड्यांनी आमची माणसं येऊन बघतील. चौथा मजला सुधारला तर ठीक, नाहीतर हे थांबवू.

थांबवू म्हणजे काय ते मेहुलनं न सांगताच आम्हाला कळलं. मग पैशासाठी ऑफिसात पत्त्यांचे गेम बनवावे लागले असते, आणि पत्त्यांच्या गेमला ना माझ्या खड्ड्यांची गरज असते, ना जागृतीच्या गालांची.

"वंदना, भडक्याला काढून टाक ना यार," मेहुल म्हणाला. "सीधा वर जाऊ दे लोकांना."

"मग चौथ्या मजल्यावर उरेल काय? नुसता जिना?"

"जिना तर जिना! जिन्यावर कोणी मरत तर नाही ना?"

मी नाही म्हणाले. हट्टानं म्हणाले, हे आज कबूल करते. त्या वेळी माझ्याकडे दुसरा काहीच उपाय नव्हता. मी भडक्याचा वेग कमी केला, जाळ आखूड केला, भुवया आणखी जाड केल्या. लोक मरतच राहिले.

त्या आठवड्यात एक अभिप्राय आला. एक स्टार, आणि खाली भलं मोठं मराठी. जेवणाच्या सुट्टीत मी तो सगळ्यांना वाचून दाखवला, आवाज काढून, हातवारे करून.

"तुमच्या आगीला अक्कल नाही. आग माणसाच्या मागे लागत नाही. आग हवेच्या मागे लागते. आग अशी खाली वाकून उड्या मारत येत नाही. दार दिसते पण लावता येत नाही, मग दार काढलेत कशाला? लहान मुले हा खेळ खेळतात. त्यांना वाटेल आग लागली की नुसते पळत सुटायचे. कळावे. द. परब, निवृत्त फायरमन, मुलुंड."

सगळे हसले. सगळ्यात जास्त मी हसले. फ्रान्सिस तर 'कळावे'वरच लोळत होता. जागृती तेवढी हसली नाही. डबा बंद करत ती म्हणाली, "ताई, पण दार खरंच लागत नाही."

दार मी शोभेला ठेवलं होतं. भिंत फारच मोकळी दिसत होती म्हणून.

दुपारभर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी निघताना मी त्या अभिप्रायाखाली उत्तर लिहिलं: तुमचं म्हणणं समजून घ्यायचं आहे, ऑफिसला फोन कराल का? दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"कोण बोलतंय? गेमवाली बाई?"

"हो, मी वंदना."

"मी परब. फोनवर आग समजत नाय. मी येतो. पत्ता सांगा."

बुधवारी ते बरोबर अकरा वाजता दारात उभे राहिले. सत्तरीच्या अलीकडचा उंच माणूस, इस्त्रीचा शर्ट आत खोचलेला, हातात कापडी पिशवी, एक गुडघा जरा धरून चालणं. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. त्यांची नजर ऑफिसभर फिरली आणि मागच्या जिन्याच्या दारावर थांबली. त्या दारासमोर आम्ही जुन्या मॉनिटरचे खोके छातीइतके रचून ठेवले होते.

"हे कुणी ठेवलं?"

मेहुल पुढे झाला. "अंकल, वो हम हटानेवाले थे..."

"कधी? आग लागल्यावर?"

खोके हलेपर्यंत काका बसले नाहीत. मेहुलनं स्वतः उचलले, फ्रान्सिसनं हातभार लावला. दार उघडून, जिना खालपर्यंत मोकळा आहे हे बघून काका परत आले, मग खुर्चीत बसले आणि पिशवीतून चष्मा काढला. त्यांचं आमच्या ऑफिसातलं पहिलं काम पाच मिनिटांत उरकलं होतं.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते तीन महिने घरात पडून होते. तेव्हा लेकीनं मोबाइलमध्ये गेम घालून दिले. बाकीचे त्यांना आवडले नाहीत, थेंबू आवडला. "पाण्याचा आहे ना," ते म्हणाले. त्यांनी मोबाइल मांडीवर ठेवला आणि फक्त उजव्या हाताच्या तर्जनीनं, टाइपरायटर बडवल्यासारखं, खेळायला सुरुवात केली. तीन मजले नीट चढले. चौथ्यावर भडक्या धावत आला आणि थेंबूची वाफ झाली.

"बघितलंस? आता हा माझ्या मागे का आला? माझ्यात जळण्यासारखं काय आहे? मी पाण्याचा थेंब ना?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आठ महिने आम्ही अकरा जण त्या गेमवर काम करत होतो. हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

मला मात्र राग आला. माझ्या कामात कुणी अशी बोटं घातली की मला येतो. "काका, हा गेम आहे. खऱ्या आगीसारखी आग दाखवली तर लोक खेळतील कसे? खरी आग काय सांगून येते?"

"सांगून येते तर!" काका पुढे सरसावले. "तुका कोणी सांगितलं, सांगत नाय म्हणून? आग सगळं सांगते. ऐकणारो पायजे." रागावले की ते मालवणीत घसरत, हे आम्हाला पुढे सवयीचं झालं.

मग त्यांनी कुर्ल्याची गोष्ट सांगितली. कापडाच्या गोदामाला आग लागली होती. हे तिशीतले, अंगात जोर. सोबत साळवी नावाचा त्यांचा जोडीदार, वयानं थोरला. दोघं पाइप घेऊन आतल्या खोलीच्या बंद दारापर्यंत पोचले. दाराच्या खालच्या फटीतून धूर बाहेर येत होता.

"मी दाराला हात घालणार, एवढ्यात तो धूर उलटा फिरला. बाहेर येणारा धूर आत ओढला गेला गो! दारानं दम घेतला, माणूस घेतो तसा. मला काय कळलं नाय. साळवीला कळलं. तो ओरडला, 'दत्ता, खाली!' आणि ओरडून थांबला नाय, माझी कॉलर धरून मला जमिनीवर आपटलं. एक, दोन... आणि दार उडून आमच्या डोक्यावरनं गेलं. मागून जाळ. सगळा वरून, छताला धरून. आम्ही खाली पडलो होतो म्हणून वाचलो."

"आणि साळवी?" जागृतीनं विचारलं.

"त्याचा अर्धा कान गेला. बाकी ठणठणीत. परवाच घरी येऊन चार वड्या खाऊन गेला."

सगळे सुटल्यासारखे हसले. माझ्या अंगावर काटा आला होता, पण कारण वेगळं होतं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. समोरचा माणूस आपल्या मित्राच्या जळलेल्या कानाबद्दल सांगत होता, आणि माझ्या मनात एकच शब्द घुमत होता: इशारा, इशारा, इशारा!

कारण माझ्या भुवयांचं काय चुकलं होतं, ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. मोबाइलचा पडदा तळहाताएवढा. खेळणाऱ्याची नजर असते पुढच्या फळीवर, जिथे त्याला उडी मारायची आहे तिथे. कोपऱ्यातल्या शत्रूच्या भुवईकडे बघतो कोण? पण भडक्यानं दम घेतला, आणि खोलीतली सगळी हवा त्याच्याकडे ओढली गेली, तर? पडदे त्याच्या बाजूला झुकतील, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फडफडेल, काजळी सरकेल. नजर कुठेही असो, इशारा दिसणारच.

"काका, परवा परत याल?" मी विचारलं.

"डबा घेऊन येतो," ते म्हणाले.

हातात दोन आठवडे उरले होते. भडक्या आम्ही मुळापासून पुन्हा बांधायला घेतला. "एवढं सगळं दोन हप्त्यांत? वाट लागली आपली," असं म्हणत फ्रान्सिसनं त्याच मिनिटाला कामाला हात घातला. आता भडक्या थेंबूच्या मागे धावणार नव्हता. जिथून हवा येते तिकडे सरकणार होता. चौथ्या मजल्यावरची सगळी दारं-खिडक्या आम्ही उघडता-लावता येणारी केली. एक खिडकी उघडी ठेवून त्याला एका खोलीत न्यायचं, मग खिडकी बंद करून आपण बाहेर पडायचं आणि दार लावून घ्यायचं. आतली हवा संपत जाईल तसा तो बारीक होत जाणार. घाईनं दार उघडलं, तर तो दम घेणार आणि खोलीभर भडकणार. तेव्हा वाचायचा एकच मार्ग, खाली पडणं. म्हणून थेंबूला नवी कला शिकवली. बोट खाली ओढलं की तो फरशीवर चपटा पसरायचा आणि जाळ वरून जायचा. साळवींनी काकांना जमिनीवर आपटलं होतं, अगदी तसंच.

परब काका आठवड्यातून तीन दिवस यायचे. त्यांची आणि जागृतीची धुरावरून रोज जुंपायची.

"धूर असा सरळ पसरत नाय. आधी वर जातो, छत भरतं, मग खाली उतरतो."

"काका, छतापासून काढला तर थेंबूच्या उड्या दिसणार नाहीत."

"आगीत काय दिसतं?"

"काका, लोकांना खेळायचंय!"

शेवटी तडजोड झाली. धूर छतालाच, पण पातळ. जागृतीनं मला हळूच सांगितलं, "ताई, ते बरोबरच बोलतात. पण त्यांना लगेच हो म्हटलं तर डोक्यावर बसतील."

दम घेण्याचा आवाज हवा होता. फ्रान्सिसनं तयार आवाजांतले वीसेक ऐकवले, सगळे राक्षसासारखे. काकांना एकही पटला नाही. "असा नाय," म्हणून त्यांनी स्वतः करून दाखवला. दातांमधून, हळूहळू वाढत जाणारा, आणि शेवटी एकदम तुटणारा. आम्ही तिथल्या तिथे ठरवलं, हाच. खालच्या कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली, मशिनं थांबली, आम्ही पंखे बंद केले आणि काकांना ऑफिसच्या मोरीत उभं करून तो आवाज टिपला, कारण सगळ्यात शांत जागा तीच होती. भडक्या आजही जो दम घेतो, तो परब काकांचा आहे.

बंगळुरूची माणसं यायच्या चार दिवस आधी आम्ही आठ अनोळखी लोकांना बोलावून गेम खेळायला दिला. इस्टेटीतलाच कुणी रखवालदार, कुणी समोरच्या बँकेतली, दोन कॉलेजच्या मुली. माझी खात्री होती की आता जिंकलो. आठच्या आठ मेले. पुन्हा पुन्हा मेले. आणि बँकेतली बाई मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाली, "इशारा दिसतो हो, पण काही करायच्या आतच मारतो. चीटिंग आहे ही."

मी बाहेर जिन्यावर जाऊन बसले. मेहुल आला, शेजारी उभा राहिला. रागावला नाही. "राहू दे वंदना," एवढंच म्हणाला. ते 'राहू दे' मला जास्त लागलं.

थोड्या वेळानं काका गुडघा धरत आले आणि माझ्या वरच्या पायरीवर बसले.

"पोरी, दम घेतल्यापासून भडकेपर्यंत किती मोजलंस?"

मला माहीत होतं. फ्रान्सिसनं ठेवलेला वेळ मी गुपचूप अर्ध्यावर आणला होता. शत्रू फार सोपा होईल, लोक हसतील, अशी भीती वाटली होती.

"मी दोन सांगितले होते," काका म्हणाले. "तू एकच ठेवलास. एकात माणूस फक्त घाबरतो. दोनात तो खाली बसतो."

मी उठले, आत गेले आणि फ्रान्सिसला सगळ्यांसमोर सांगितलं की वेळ मी कापला होता, तुझा बरोबर होता. तो म्हणाला, "ठाऊक होतं मला." आणि आकडा बदलून मोकळा झाला. त्याच आठ जणांना आम्ही चहा पाजून पुन्हा बसवलं. सगळ्यात आधी रखवालदार जिंकला. त्यानं टोपी काढून टेबलावर आपटली. मग एक मुलगी. मग बँकेतली बाई, जी दोनदा मेली आणि दोन्ही वेळा "थांबा, थांबा, माझंच चुकलं, परत द्या" म्हणाली. काम करायला लागल्यापासून इतकं गोड वाक्य मी ऐकलं नव्हतं.

बंगळुरूहून एक बाई आणि तिचा सहकारी आले. बाई चाळिशीची, मोजकं बोलणारी, चेहऱ्यावर रेघ हलू न देणारी. तिनं स्वतःच्या मोबाइलवर गेम घेतला. खेळणाऱ्याला मदत करायची नाही, हा आमच्या धंद्यातला कडक नियम, म्हणून आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. परब काका कोपऱ्यातल्या खुर्चीत.

ती चौथ्या मजल्यावर पोचली. पहिल्यांदा मेली, काही बोलली नाही. दुसऱ्यांदा मेली. तिसऱ्यांदा तिनं भडक्याला खोलीत नेलं, पण दार घाईत उघडलं आणि वाफ झाली. मेहुलनं कपाळ पुसलं. चौथ्यांदा मरताना ती स्वतःशीच पुटपुटली, "माय मिस्टेक."

मी जागृतीचा हात इतका दाबला की ती "आई गं!" म्हणाली.

पाचव्या खेळीला ती खुर्चीच्या टोकावर सरकली होती. भडक्यानं दम घेतला, पडदे झुकले, तिनं थेंबूला चपटा केला, जाळ वरून गेला. थेंबूला उठवून तिनं खिडकी लावली, त्याला बाहेर आणलं, दार लावलं. आणि थांबली. दार उघडायचा मोह झाला, बोट पुढे गेलं, मागे आलं. आत भडक्या बारीक होत होता. समईच्या ज्योतीएवढा झाला, काडीएवढा झाला, गाल पार बसले, आणि एक बारीकसा 'फुस्स' आवाज काढून विझला.

"येस!" ती बाई एवढ्या जोरात ओरडली की तिच्या हाताचा धक्का लागून चहाचा ग्लास आडवा झाला. मग आम्हीही ओरडलो. फ्रान्सिसनं मेहुलला उचललं. खालच्या कारखान्यातली माणसं वर बघायला आली, त्यांना वाटलं क्रिकेटची मॅच आहे. परब काका उठले आणि त्यांनी मेहुलशी कडक हस्तांदोलन केलं, जसं ते त्यांच्या साहेबांशी करत असावेत.

थेंबू बाजारात आला आणि चालला. चांगलाच चालला. पत्त्यांचे गेम आमच्या ऑफिसात कधीच आले नाहीत. लोक बाकीचे मजले विसरतात, चौथा विसरत नाहीत. गेमच्या शेवटी बनवणाऱ्यांची नावं येतात, त्यात मेहुलनं परब काकांचं नाव घालायचं ठरवलं. काका म्हणाले, "साळवीचं आधी घाला. मी नंतर." तसंच घातलं.

या सगळ्यात मला एकच गोष्ट खुपते. इतकी वर्षं मी कुत्रे केले, समुद्र केले, वादळं केली, आणि ज्यांना ती माहीत आहेत अशा कुणालाही कधी विचारलं नाही. एकदा जागृती सहज बोलून गेली, "ताई, तुमच्या त्या जुन्या गेममध्ये वल्हवणारा माणूस उलटा बसलाय. मी इंटरव्ह्यूला आले तेव्हाच बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"नोकरी पाहिजे होती ना!"

मी गेल्या वर्षी नोकरी सोडली. परवाच्या पौषात एका मैत्रिणीकडे मढला निघाले होते. वर्सोव्याहून पलीकडे होडीनं पाच मिनिटं लागतात. माझ्यासमोर एक कोळीण बसली होती, मासळी विकून परत निघालेली, पायाशी रिकामी टोपली, आणि हातातल्या मोबाइलवर चौथा मजला. मी मान दुसरीकडे वळवली. थोड्या वेळानं परत बघितलंच. ती मेली, "मेल्या!" म्हणून भडक्याला शिवी दिली आणि पुन्हा सुरू केलं. होडी मढला लागली. माणसं उतरली, स्कूटर उतरल्या. ती उठेना.

"मावशी, उतरा," होडीवाला म्हणाला.

"थांब रे जरा. याला कोंडलाय."

होडीवाला तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. पलीकडे जाणारी माणसं चढायला आली होती, तीही थांबली. कुणीतरी म्हणालं, "आता दार उघड." ती ओरडली, "गप! मरू दे त्याला आधी!" सगळे आणखी जवळ वाकले. मग 'फुस्स' असा बारीक आवाज आला. तिनं दोन्ही हात वर केले, मोबाइलसकट, आणि अख्ख्या होडीनं टाळ्या वाजवल्या. मग मोबाइल पोलक्यात सारून, टोपली उचलून, पदर खोचून ती धक्क्यावर उतरली आणि मागे न बघता चालू लागली, एखाद्या राणीसारखी.

मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. भानावर आले तेव्हा होडी सुटली होती, पाणी कापत वर्सोव्याकडे परत निघाली होती, आणि मी अजून तिच्यातच बसून होते.